मानधन, वही आणि पावती नसलेला खर्च: मेळघाटातील एका कार्यकर्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात काम करणाऱ्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेतील आहे. मी त्या संस्थेत क्षेत्रीय समन्वयक होतो आणि ज्या कार्यकर्तीविषयी हे लिहिले आहे त्यांचे काम, प्रवासाची देयके आणि रजा या तिन्हींची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे जे निर्णय चुकलेले दिसतील त्यांतील काहींवर माझीच सही आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून येथेही ताईच म्हटले आहे. हा मजकूर त्यांनी वाचला असून दोन ठिकाणी माझे म्हणणे खोडून काढले आहे. त्या दोन्ही दुरुस्त्या जेथल्या तेथे दिल्या आहेत.

ताई समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन जून २०२१ मध्ये संस्थेत आल्या. माहेर अकोला जिल्ह्यात, वडिलांची कोरडवाहू शेती, धाकटा भाऊ शिकत असलेला. त्यांच्याकडे सहा गावे होती. काम तीन प्रकारचे होते: अंगणवाडी सेविका व आशा यांच्याबरोबर कुपोषित बालकांचा आणि गरोदर मातांचा पाठपुरावा, रोजगार हमीच्या कामाची मागणी व थकलेली मजुरी यांसाठी अर्ज, आणि आजारी माणसाला उपकेंद्रापासून पुढच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवणे. संस्था त्यांना दरमहा १३,००० रुपये मानधन देत होती आणि दुचाकीच्या पेट्रोलसाठी सरसकट १,५०० रुपये. या रकमेत गावात राहून साधेपणाने भागते, असा आमचा अनुभवावर आधारलेला समज होता. तो पूर्णपणे चुकीचा नव्हता, हेही पुढे दिसेल.

मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत, पैशाचे वर्ष दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाही. पावसाळ्यात शेतीची कामे असतात, पण हातात रोकड नसते. दिवाळीनंतर येथील कोरकू आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात, कारण होळी हा त्यांचा वर्षाचा सर्वांत मोठा सण. पुढे मोहफुलाचा हंगाम. ज्या महिन्यांत घरात पैसा नसतो त्याच महिन्यांत आजारपण आणि बाळंतपणे अधिक अडचणीची ठरतात, कारण नाले भरलेले असतात आणि फोनला रेंज नसते. मोठ्या दवाखान्यासाठी धारणीहून सेमाडोह, परतवाडा करीत अमरावती गाठायची, तर घाटाचा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे.

या सगळ्यात गावात नियमित पैसे येणारी जी मोजकी माणसे असतात त्यांत ताई होत्या. २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २५६ रुपये होता. २६ दिवस काम मिळाले तरी ६,६५६ रुपये होतात, आणि इतके सलग काम क्वचितच मिळते. आमच्या दृष्टीने तुटपुंजे असलेले मानधन गावाच्या दृष्टीने पगार होता.

समस्या कशी उघड झाली

जानेवारी २०२३ च्या अखेरीस आशांसाठी हिमोग्लोबिन मोजण्याचे प्रशिक्षण होते. यंत्र कसे वापरायचे हे दाखवण्यासाठी ताईंनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ८.३. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ८ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय, हे वाक्य त्या पाचच मिनिटांपूर्वी बोलल्या होत्या. खोलीत कोणी काही बोलले नाही. एका आशाताईंनी आपल्या पिशवीतून लोहाच्या गोळ्यांची पाकिटे काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि प्रशिक्षण पुढे चालू झाले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. स्वयंपाकाच्या कट्ट्यावर तांदूळ, मिठाची बरणी आणि मिरच्या होत्या. डाळीचा डबा रिकामा होता. माझ्या पहिल्या मसुद्यात मी येथे असे लिहिले होते की ताई पैसे वाचवण्यासाठी उपाशी राहत होत्या. त्यांनी ते खोडले आहे. त्यांचे म्हणणे असे की रात्री आठला परत आल्यावर एकटीसाठी वरण शिजवण्याचा कंटाळा हे अर्धे कारण होते आणि उरलेले अर्धे पैसे हे होते. मला त्यांची वाटणी मान्य आहे, कारण बहुतेक कार्यकर्त्यांच्या बाबतीत ही दोन कारणे अशीच एकमेकांत मिसळलेली असतात आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाहीत.

त्या रात्री त्यांनी एक दोनशेपानी वही दाखवली. ऑक्टोबर २०२१ पासूनचा प्रत्येक रुपया तीत होता. आम्ही दोघांनी मिळून महिन्याची सरासरी काढली. खोली व वीज १,२००, किराणा, दूध व भाजी ३,१००, गॅस ४५०, मोबाइल ३००, जुन्या दुचाकीचा हप्ता २,१००, प्रत्यक्ष पेट्रोल २,४५०, दुचाकीची दुरुस्ती ४००, घरी पाठवलेले ३,०००, महिन्यातून एकदा घरी जाण्यायेण्याचे ६०० आणि साबण, औषध, किरकोळ ७००. एकूण १४,३००. हाती येत होते १४,५००. म्हणजे साधेपणाने भागते हा आमचा समज २०० रुपयांनी खरा होता.

वहीच्या मागच्या बाजूला दुसरा हिशोब होता. सोळा महिन्यांत ताईंनी गावातील लोकांसाठी ३४,६०० रुपये खर्च केले होते आणि त्यांतील ४,३०० परत आले होते. उरलेले ३०,३००, म्हणजे महिन्याला सुमारे १,९०० रुपये, त्यांच्याच खिशातून गेले होते. महिन्याकाठी उरणारे २०० वजा करता जी तूट राहिली ती सोळा महिन्यांत २७ हजारांवर गेली होती. ती भरून निघाली होती अशी: किराणा दुकानाची उधारी ५,८००, एका सहकाऱ्याकडून उसने ६,२०० आणि परतवाड्याला गहाण ठेवलेले कानातले १५,०००. घरच्यांना यांतील काहीच ठाऊक नव्हते. घरी त्यांनी मानधनाचा आकडाही १८,००० सांगितला होता, कारण स्थळे पाहताना वडिलांना लोक तो विचारत.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आदल्या वर्षीच्या आमच्या वार्षिक अहवालात ताईंच्या छायाचित्राखाली ‘अत्यल्प गरजांत आनंदाने राहणारी कार्यकर्ती’ असे छापलेले होते. ती ओळ मीच लिहिली होती.

हे पैसे कशावर गेले

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण प्रकरणाची उकल या फोडीत आहे. ३४,६०० पैकी १४,२०० रुपये गाडीभाड्याचे होते. ७,९०० रुपये दवाखान्यात रुग्णाबरोबर राहिलेल्या नातेवाइकांच्या जेवणाखाण्याचे, ५,६०० बाहेरून आणलेल्या औषधांचे व तपासण्यांचे, २,७०० झेरॉक्स, बँक आणि तहसील यांच्या फेऱ्यांचे. राहिलेले ४,२०० हे शेजारधर्माचे उसने: दळणाला, मिठामिरचीला, कामासाठी बाहेरगावी निघालेल्या कोणाच्या एसटीच्या तिकिटाला.

परत आलेल्या ४,३०० रुपयांपैकी ३,६०० याच शेवटच्या प्रकारातले होते. ज्यांनी मिठामिरचीला घेतले त्यांनी होळीला परत येताच फेडले. काहींनी तर मोहफुले विकून फेडले. जे परत आले नाहीत ते गाडीभाड्याचे आणि दवाखान्याचे, कारण ते उसने आहेत असे देणाऱ्यालाही वाटत नव्हते आणि घेणाऱ्यालाही. शिवाय त्यांतील बऱ्याच खर्चाची तरतूद कागदावर आधीपासून होती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात प्रसूतीसाठी नेणे, आणणे, औषधे आणि मातेचा आहार मोफत आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात बालक साधारण चौदा दिवस राहते आणि त्या काळात आईचा रोज बुडतो म्हणून बुडीत मजुरीची तरतूद आहे. पण गाडी वेळेवर आली नाही आणि मजुरी नंतर जमा होणार असली, की मधल्या काळासाठी कोणाच्या तरी हातात पाचशे रुपये असावे लागतात. ते ताईंच्या हातात असत.

पहिला निर्णय: परत गेलेले व्हाउचर

वही ऑक्टोबरपासून सुरू होते, पण गोष्ट ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. मुसळधार पावसात एका बाईच्या कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर होता, सरकारी रुग्णवाहिकेच्या १०२ क्रमांकाला फोन लागेना. ताईंनी लांबच्या रस्त्याने जाणारी एक जीप १,८०० रुपयांत ठरवली. बाळंतीण आणि बाळ दोघे सुखरूप राहिले. ताईंनी व्हाउचर पाठवले. आमच्या कार्यालयाने ते ‘पावती जोडलेली नाही’ असा शेरा मारून परत केले. त्या शेऱ्याखाली सही माझी आहे.

जीपवाला पावती देत नाही, हे मला माहीत होते. लेखापरीक्षकांचा आदल्या वर्षीचा आक्षेपही मला माहीत होता आणि मी त्याला जास्त महत्त्व दिले. त्यानंतर ताईंनी असे एकही व्हाउचर पाठवले नाही आणि मी, मागणी येत नाही म्हणजे खर्च होत नाही, असे धरून चाललो. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या गावांतून आणीबाणीच्या खर्चाची शून्य मागणी आली आणि शेजारच्या गावांतूनही जवळजवळ शून्य आली, तेव्हाच मला प्रश्न पडायला हवा होता. ज्या भागात रुग्णवाहिकेसाठी डोंगर चढून रेंज शोधावी लागते तेथे शून्य हा आकडा खरा असू शकत नाही.

कोणते पर्याय विचारात घेतले

फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन बैठका झाल्या: एक मी आणि ताई, एक सगळ्या सात क्षेत्रीय कार्यकर्त्यांची आणि एक विश्वस्तांची. प्रत्येक ठिकाणी वेगळा पर्याय लोकांना उघडउघड योग्य वाटत होता.

कार्यालयाला वाटत होते की नियम करावा: कार्यकर्त्याने गावात कोणालाही पैसे देऊ नयेत. अनेक संस्थांत असा नियम असतो आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही, कारण देणाऱ्या हाताभोवती मतलबी गर्दी जमते आणि मूळ काम मागे पडते. परंतु रात्री साडेदहाला दारात उभ्या असलेल्या बापाला नियम वाचून दाखवणे कोणाला जमेल, हे कोणी सांगू शकले नाही. येथे मी मसुद्यात लिहिले होते की ताईंना नाही म्हणणे जड जात होते. त्यांची दुसरी दुरुस्ती येथे आहे. ‘नाही म्हणणे जड जात नव्हते. नाही म्हणायला कारण सापडत नव्हते. पैसे होते आणि पोर आजारी होते.’

दुसरा पर्याय मानधन ३,००० रुपयांनी वाढवण्याचा होता. एकट्या ताईंचे वाढवणे शक्य नव्हते. सातही जणांचे वाढवायचे तर वर्षाला २,५२,००० रुपये लागत होते आणि चालू अनुदानात तशी तरतूद नव्हती. पण पैशापेक्षा मोठा आक्षेप ताईंचाच होता. वाढलेले तीन हजारही त्याच भोकातून जातील, एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांचे बरोबर होते.

विश्वस्तांच्या बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की त्यांच्या पिढीने तीनशे रुपयांत दिवस काढले. असे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक संस्थेत केव्हा ना केव्हा बोलले जाते आणि त्याला मोठी परंपराही आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर शिकवत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्याच सोसायटीत आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व मिळकत स्वीकारावी की नाही, यावर कडाक्याचे वाद झाले आणि अशा मतभेदांतूनच टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, हे सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. थोडक्या पैशात राहण्याचा प्रश्न त्यागाने एकदाचा सुटतो असे तेव्हाही झाले नव्हते. हा दाखला मी बैठकीत दिला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग वहीचा झाला. ज्येष्ठ सदस्यांनी ती हातात घेऊन दहा मिनिटे वाचली आणि नंतर एवढेच विचारले, ‘हे गाडीभाडे आपले की तिचे?’

मिळकतीच्या प्रश्नाचा एक धागा येथेही होता. ताईंना एका संशोधन प्रकल्पासाठी मुलाखतींचे लिप्यंतर करून देण्याचे काम मिळू शकत होते; महिन्याला तीन-चार हजार मिळाले असते. आमच्या नियुक्तिपत्रात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे. मी ती अट शिथिल करायला तयार होतो, पण रात्री आठला परतून मग अकरापर्यंत लिप्यंतर करणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन कसे वाढणार, हा प्रश्न डॉक्टर असलेल्या विश्वस्त बाईंनी विचारला आणि विषय तेथेच संपला.

अमरावतीच्या एका प्रकल्पात त्यांना २४,००० रुपयांची जागाही मिळत होती. मी त्यांना ती घ्यावी असे सुचवले, कारण प्रामाणिकपणे सांगायचे तर तो माझ्यासाठी सर्वांत सोपा पर्याय होता. त्यांनी दोन दिवस मागितले आणि नकार दिला. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

राहिला होता आणीबाणी निधी. तो प्रत्येक कार्यकर्त्याच्या हाती द्यावा, असे मी मांडले. त्यावर कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक वेगळाच आवाज आला. आमच्या सातजणांत एक कार्यकर्ता त्याच भागातील कोरकू तरुण आहे. त्याच्यावर कर्ज नव्हते. बाकीच्यांपैकी तिघांवर लहानमोठे कर्ज निघाले आणि त्यांतील एकाचे तर ताईंपेक्षा जास्त होते, फक्त त्याने वही ठेवली नव्हती. हा तरुण म्हणाला, ‘माझ्याकडे पण मागतात. पण मी पण त्यांच्याकडे मागतो. बैलजोडी मागतो, कुटकी मागतो. ताई कधी कोणाकडे काही मागत नाही, म्हणून ताईकडे पैसेच मागतात.’ हे ऐकून ताई बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करीत बसल्या होत्या.

प्रत्यक्षात काय केले

वेळापत्रक आमच्या हातात राहिले नाही. ताईंनी ताबडतोब रजेवर जावे असे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते, पण २० फेब्रुवारीपासून राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. गावात मुलांची वजने घेणारे कोणी उरले नाही. पाठोपाठ ६ मार्चच्या होळीसाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे परतू लागली आणि त्यांच्याबरोबर लाल पट्टीतली, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असलेली, मुलेही. ताईंनी रजा पुढे ढकलली आणि मी ती ढकलू दिली. ८.३ हिमोग्लोबिन असलेल्या कार्यकर्तीकडून आम्ही आणखी सहा आठवडे डोंगरात काम करून घेतले.

मार्चमधील विश्वस्तांच्या बैठकीत तुलनेचा मुद्दा निघाला. ९ मार्चच्या राज्य अर्थसंकल्पात अंगणवाडी सेविकांचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली होती. मग आपले १३,००० कमी कसे, असे एकाने विचारले. सेविका आपल्या घरात राहते, तिला खोलीभाडे, दुचाकीचा हप्ता आणि रोजचे तीस-चाळीस किलोमीटर नसतात, हे उत्तर पुरेसे होते. पण मला वाटते की तुलना उलट दिशेनेही करायला हवी होती: सेविकेला मिळते तेही पुरेसे आहे असे कोण म्हणते? ‘मानधन’ हा शब्दच असा आहे की त्याच्या आडोशाला बरेच काही झाकले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास (ग्रॅच्युइटीस) पात्र आहेत असा निकाल दिला, तो या शब्दाच्या पलीकडे पाहिल्यामुळेच.

१ एप्रिल २०२३ पासून झालेले बदल असे होते. पेट्रोलची सरसकट रक्कम बंद करून नोंदवहीप्रमाणे किलोमीटरला साडेतीन रुपये देणे सुरू केले. ताईंचा प्रवास महिन्याला सुमारे १,१०० किलोमीटर होता, त्यामुळे ३,८५० रुपये होऊ लागले आणि पेट्रोल, दुरुस्ती व दुचाकीची झीज तीन्ही त्यात बसू लागले. खरे तर एवढा एकच बदल आधी झाला असता तरी महिन्याला हजारभर रुपयांची गळती थांबली असती. मानधन सर्वांचे १,५०० रुपयांनी वाढवले. प्रत्येक कार्यकर्त्यामागे महिना २,५०० रुपयांचा आणीबाणी निधी ठेवला. ५०० रुपयांपर्यंतच्या खर्चाला कार्यकर्त्याची चिठ्ठी आणि एका साक्षीदाराची सही किंवा अंगठा पुरतो, त्यावरच्या रकमेसाठी मला फोन करावा लागतो. लेखापरीक्षकांना हे मान्य होते. आम्ही आधी विचारलेच नव्हते.

मात्र निधी ताईंच्या हातात ठेवला नाही. हा आग्रह त्यांचा होता. आशाताई आणि महिला बचत गटाच्या अध्यक्षा या दोघींकडे तो राहतो आणि ताई फक्त हिशोब लिहितात. त्याच सुमारास ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे दरवर्षी येणाऱ्या १०,००० रुपयांपर्यंतच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेल्या, निधीचा विषय ताईंनी समितीत काढला. सहापैकी दोन गावांत तो गाडीभाड्यासाठी वापरायचा ठराव झाला. इतर चार गावांत अजून झालेला नाही.

जुन्या रकमेचे काय करायचे, यावर सर्वांत जास्त वाद झाला. गाडीभाडे आणि दवाखान्यातील जेवण मिळून २२,१०० रुपये संस्थेच्या सर्वसाधारण देणगी खात्यातून ताईंना द्यावेत, असे ठरले. औषधांच्या आणि झेरॉक्सच्या ८,३०० रुपयांना मंजुरी मिळाली नाही, कारण औषधांच्या चिठ्ठ्या नव्हत्या. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता. मिळालेल्या पैशातून ताईंनी व्याजासह १८,००० भरून कानातले सोडवले, उरलेले ४,१०० किराणा दुकानात दिले आणि सहकाऱ्याचे पैसे हप्त्याने फेडले.

एप्रिलमध्ये त्या पंधरा दिवस घरी गेल्या. या वेळी त्यांनी वडिलांना मानधनाचा खरा आकडा सांगितला. वडील काय म्हणाले हे येथे लिहिण्याची परवानगी त्यांनी दिलेली नाही. घरी जाणारे ३,००० मात्र त्यानंतर दोन हजारांवर आले.

काय झाले

तीन महिन्यांनी ताईंचे हिमोग्लोबिन १०.६ होते. कार्यकर्त्यांची वर्षातून दोनदा तपासणी आता होते आणि सर्वांना प्रधानमंत्री सुरक्षा विमा व जीवन ज्योती विमा या योजनांत घेतले आहे. त्यांचे हप्ते, वर्षाला २० आणि ४३६ रुपये, संस्था भरते. ही रक्कम इतकी लहान आहे की ती आधी न भरण्याचे कोणतेही कारण मला देता येत नाही.

निधीचा वापर अपेक्षेपेक्षा कमी झाला. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ताईंच्या गावांत महिन्याला सरासरी १,१०० रुपये खर्च झाले, आणि त्यांत पावसाळ्याचे महिने आले. याचे एक कारण असे की चिठ्ठी लिहिताना ‘ही सोय सरकारी गाडीतून का झाली नाही’ असा एक रकाना भरावा लागतो. दर महिन्याला ते रकाने एकत्र करून आम्ही तालुक्याच्या आढावा बैठकीत ठेवू लागलो. त्यामुळे गाड्या वाढल्या असे म्हणता येणार नाही, पण कोणत्या गावातून फोन कोणत्या ठिकाणी जाऊन करायचा आणि गाडी नाल्याच्या कोणत्या बाजूला उभी करायची, हे आधीच ठरू लागले. दुसरे कारण आशाताईंनी सांगितले: ताईकडे मागणे सोपे होते, अध्यक्षाबाईकडे मागताना तिच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागतो. यात गरजू माणूस मागे राहतो का, ही शंका मला आहे. एका प्रसंगी तसे झाले. अध्यक्षांच्या भावकीशी वैर असलेले एक कुटुंब निधीकडे न जाता थेट ताईंकडे आले आणि ताईंनी स्वतःचे ४०० रुपये दिले. ते वहीत आहेत.

वेगळे काय करता आले असते

ऑगस्ट २०२१ चे व्हाउचर परत करण्याऐवजी मी फोन उचलून जीप कोणाची होती एवढे विचारले असते, तर कदाचित हे प्रकरण लिहावे लागले नसते. नव्या कार्यकर्त्याला पहिल्याच महिन्यात आम्ही आता स्पष्ट सांगतो की मानधन हे तुमच्या जगण्यासाठी आहे आणि गावाच्या खर्चाचा हिशोब वेगळा आहे. पण सांगणे पुरत नाही, म्हणून तीन महिन्यांनी त्यांच्याबरोबर बसून पूर्ण महिन्याचा खर्च मांडतो. काहींना हे खासगी बाबीत डोकावणे वाटते. त्यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्यांना आकडे न दाखवण्याची मुभा आहे. आतापर्यंत दोघांनी ती घेतली आहे. त्यांच्याविषयी मला काळजी वाटते, पण त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही.

रजेच्या बाबतीत मी संप आणि होळी हे कारण मान्य करायला नको होते. मेळघाटात असा एकही महिना नसतो ज्यात रजा न देण्याचे सबळ कारण सापडत नाही. दुसऱ्या तालुक्यातील एक कार्यकर्ता महिनाभर आणता आला असता. मी विचारले असते तर तो आला असता, असे त्याने नंतर सांगितले.

ताईंच्या निर्णयांविषयी मी लिहिणे योग्य होणार नाही, म्हणून त्यांनाच विचारले. पैसे दिल्याचा पश्चात्ताप नाही, असे त्या म्हणाल्या. कानातले गहाण ठेवण्यापूर्वी कोणाला तरी सांगायला हवे होते, इतके त्यांना वाटते. आणि त्या कोरकू सहकाऱ्याचे बोलणे त्यांनी मनावर घेतले आहे. सध्याच्या वहीत डाव्या पानावर दिलेल्याच्या नोंदी आहेत आणि उजव्या पानावर, जे पूर्वी कोरे असे, घेतलेल्याच्या. मी पाहिले तेव्हा उजवीकडची शेवटची नोंद अशी होती: तुरीची डाळ दीड किलो, शेजारून. परत: अजून नाही.